मेमो मागे घेताना

जूचंद्र,
८ सप्टेंबर २०२५

ती. जयवंतीमावशीस,
संपदाचा नमस्कार.

फोनवर तू बोलत नाहीस, कारण कानातलं यंत्र शीळ घालतं. व्हॉट्सअ‍ॅप तुला नको, कारण तिथे लोक एकमेकांना फुलांची चित्रं पाठवतात आणि तुझ्या वाडीत खरी फुलं आहेत. म्हणून मी चक्क कागद-पेन घेऊन बसले आहे. आमच्या लॅबमधला हरेश निर्मळचाच आहे, रोज स्कूटरवर येतो-जातो. त्याच्या हाती पत्र पाठवतेय. उत्तरही त्याच्याच हाती दे.

नायगावच्या हॉस्पिटलात मला दोन महिने झाले. सत्तर खाटा आहेत. मी एचआर, म्हणजे कर्मचाऱ्यांची भरती, हजेरी, रजा, तक्रारी हे सगळं माझ्याकडे. वर्षभरात आठ सिस्टर नोकरी सोडून गेल्या. मालक डॉ. हर्षवर्धन मुलाखतीतच म्हणाले, "मशीन आणता येतं, सर्जन बोलावता येतो, पण सिस्टर टिकत नाहीत. डिसेंबरअखेर एकही सिस्टर गेली नाही, तर तुमची नोकरी पक्की समजा." गेली, तर काय समजायचं ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला समजलं.

तर मी कामाला लागले आहे. अंगठ्याचं हजेरी मशीन बसवलं. ड्युटीची यादी आता कॉम्प्युटर करतो. सिस्टरांच्या टेबलाच्या खणात एक तेलकट वही सापडली. तिच्यात त्या आपापसात ड्युट्या बदलून घेत होत्या, वर कोणालाही न विचारता. ती मी जप्त करून कपाटात ठेवली. शिवाय सोडून जाणाऱ्यांसाठी बावीस प्रश्नांचा फॉर्म तयार केलाय.

तू इतकी वर्षं मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होतीस. चार युक्तीच्या गोष्टी सांग.

तुझी,
संपदा


निर्मळ,
१५ सप्टेंबर

चि. संपदा,
आशीर्वाद. पत्र पोचलं. हरेशने दोन कप चहा घेतला आणि तुझी स्तुती केली. दुसऱ्या कपानंतर जास्त केली.

चार पानी पत्र लिहिलंस, पण त्यात एकाही सिस्टरचं नाव नाही. मशीन आहे, कॉम्प्युटर आहे, फॉर्म आहे, तेलकट वहीसुद्धा आहे. अगं, टिकवायच्या कोणाला आहेत? वहीला?

बावीस प्रश्नही जाणारीला. घर सोडून चाललेल्या पाहुण्याला "जेवण कसं होतं" विचारण्यातला प्रकार झाला. जी राहिली आहे तिला एक तरी प्रश्न विचार की.

आणि ती वही परत दे. ड्युट्यांची अदलाबदल आमच्याकडेही चालायची. कॉम्प्युटरला गणपती कळतो का? नाताळ कळतो का? वसईत राहून हे मी तुला शिकवायचं म्हणजे कमाल आहे. पण तू ऐकणार नाहीस, कारण तू तुझ्या आईची मुलगी आहेस. नव्याचे नऊ दिवस तुझेही होऊ देत.

युक्तीच्या गोष्टी नंतर. तूर्तास मेमोचा एक नमुना लिहून पाठवते, उपयोगी पडेल. सरकारी नोकरीत मेमो म्हणजे दागिना, घडवायचा नेटका आणि घालायचा क्वचित. "आपले वर्तन सेवेच्या शिस्तीस शोभणारे नाही, याची नोंद घ्यावी," हे वाक्य माझं स्वतःचं. माझ्या मेमोवर कधी कोणी बोट ठेवलं नाही.

तुझ्या काकांनी वाडीतली केळी वाळवून केलेली सुकेळी दिली आहेत. हरेशकडून मोजून घे.

तुझी मावशी,
जयवंती


जूचंद्र,
७ नोव्हेंबर

ती. मावशीस,
नमस्कार. दिवाळीत येणं झालं नाही, रागावू नकोस. सुकेळी संपली. तीन कमी होती.

बातमी अशी की कॉम्प्युटरने काम चोख केलं. जुलैपासूनची हजेरी काढली तेव्हा एक मोठा मासा गळाला लागला. अकरा वर्षं जुनी इन्चार्ज सिस्टर, आणि नऊ गैरहजेऱ्या. एकदा रविवारी, तीही न कळवता. सगळ्या तरुण सिस्टर तिच्याकडे बघून वागतात. म्हणून म्हटलं, शिस्त वरून खाली आली पाहिजे. चार तारखेला तिला मेमो दिला. तुझं वाक्य जसंच्या तसं घातलं, इतकं सुंदर बसलं. तिने दोनदा वाचलं आणि सही करून दिली. मला वाटलं होतं भांडेल.

नाव सांगत नाही, गोपनीय असतं. डॉ. हर्षवर्धन खूश आहेत. वहीचं म्हणशील तर ती अजून कपाटातच आहे. एक पत्र तुझं ऐकलं नाही म्हणून रुसू नकोस, वाक्य तर तुझं वापरलं ना?

तुझी,
संपदा


निर्मळ,
११ नोव्हेंबर

चि. संपदा,

तुझी गोपनीय गोष्ट आगाशीच्या बाजारात दुधीच्या ढिगाशेजारी पडली होती. भाजी विकणारी जिजा मला म्हणाली, "बाई, तुमच्या भाचीने म्हने आमच्या एस्थर सिस्टरला कागद दिला. का ओ?" जिजाच्या सुनेची डिलिव्हरी तुमच्याकडेच झाली, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी. मुलगा झाला. जिजा म्हणते, एस्थर सिस्टर सकाळपासून सुनेजवळून हलली नाही, जेवलीसुद्धा नाही.

आता माझी हुशार भाची, उठ आणि कॉम्प्युटरला विचार, लक्ष्मीपूजनाला प्रसूतिकक्षात ड्युटी कोणाची होती. मी जिजाला विचारून ठेवलंय. यादीत रचना नावाची मुलगी होती. रचना तेव्हा घरी पूजेची तयारी करत होती आणि तिच्या जागी एस्थर उभी होती. मग दोन नोव्हेंबरला, रविवारी, एस्थरच्या जागी रचना आली असणार. त्या दिवशी ख्रिस्ती माणसं आपल्या माणसांच्या कबरीवर फुलं वाहायला जातात. आठ सप्टेंबर बघ, मेरीमातेचा जन्मदिवस. तू मला पहिलं पत्र लिहीत होतीस ना, त्याच दिवशी.

त्यांनी आमचे गणपती सांभाळायचे, आम्ही त्यांचा नाताळ. इथल्या दवाखान्यांतून हे असंच चालत आलंय, म्हणून सणाच्या दिवशीही आपल्याकडे बाळंतिणीला कोणी परत पाठवत नाही. तुझ्या मशीनने नऊ दिवस ती नव्हती ते पाहिलं. ज्या दिवशी ती यादीत नसताना आली ते कुठे मांडलंय, ते शोध.

आणि मेमो मागे घे. आज घे. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, सगळ्यांसमोर घे.

त्या वाक्याबद्दल म्हणशील तर ते मी तुला पाठवायला नको होतं.

जयवंती


जूचंद्र,
१७ नोव्हेंबर

ती. मावशीस,

तुझं पत्र मी हॉस्पिटलच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच बसले. मग कपाटातली वही काढली, मशीनचे कागद काढले, आणि दोन्ही शेजारी ठेवून रेघा मारल्या. सप्टेंबरपासून वही नव्हती, तरी अदलाबदल तोंडी चालूच होती. एस्थरच्या नऊच्या नऊ दिवशी दुसऱ्या कोणाचा तरी अंगठा आहे. आणि एस्थरचा अंगठा? 'यादीबाहेर' म्हणून एक रकाना आहे, जो मी कधी उघडलाच नव्हता. त्यात तिचे बारा दिवस आहेत. म्हणजे जिला मी मेमो दिला, ती तीन दिवस जास्त राबली आहे. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पंधरा तारखेला मी प्रसूतिकक्षात गेले. रचना आणि बाकीच्या तिघी होत्या, त्यांच्यासमोरच एस्थरला म्हणाले, "सिस्टर, माझी चूक झाली. मेमो मागे घेतला आहे." तसं पत्र हातात दिलं, वहीही परत दिली. एस्थर हसली. "थँक्यू मॅडम," म्हणाली. आणि एप्रनच्या खिशातून घडी केलेला राजीनामा काढून मला दिला. पंधरा डिसेंबरपर्यंत येईल. भाईंदरला एका हॉस्पिटलात जागा मिळाली आहे.

मी खूप विनवलं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, तुमच्यावर राग नाही. तुम्ही नवीन आहात. पण ते वाक्य मी वाचलं ना, 'आपले वर्तन सेवेच्या शिस्तीस शोभणारे नाही', ते मला लहानपणापासून पाठ आहे. माझी आई मार्गारेट मुंबईला स्टाफ नर्स होती. तिला हाच मेमो आला होता, शब्दाला शब्द. चूक तिची नव्हती. ती घरी आली ती परत गेली नाही. कागद अजून आमच्या कपाटात आहे. तुमचा मेमो दाखवला तर आई म्हणाली, हे वाक्य जिथे लिहितात तिथे थांबू नकोस."

मी विचारलं, तो मेमो कोणी दिला होता. म्हणाली, "निर्मळच्या एक मेट्रन. जयवंतीबाई."

मावशी, तू माझी मावशी आहेस हे मी तिला सांगू शकले नाही. निर्मळला दुसरी कोणी जयवंती असेल ना? तू असं करणार नाहीस. तू तर मला पहिल्याच पत्रात सांगितलंस की वही परत दे.

एस्थर गेली तर रचना आणि आणखी दोघी तिच्यामागे जातील, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. मग प्रसूतिकक्षाला कुलूप आणि मला नारळ.

संपदा


निर्मळ,
१९ नोव्हेंबर

चि. संपदा,

निर्मळला जयवंत्या तीन आहेत. एक बालवाडीत शिकवायची, एकीचं पानांचं दुकान होतं. मेट्रन मीच.

सविस्तर नंतर लिहीन. कंबर धरली आहे, बसवत नाही. केळी पाठवली आहेत.

जयवंती


जूचंद्र,
२० नोव्हेंबर

ती. मावशीस,

तुझी कंबर धरलेली ऐकून वाईट वाटलं. हरेश म्हणतो, काल तू शिडीवर चढून सोनचाफा काढत होतीस आणि खाली काकांना ओरडत होतीस. एवढी कंबर धरलेली बाई मी पाहिली नाही.

तू मला लिहिलंस, मेमो आज मागे घे, सगळ्यांसमोर घे. मी घेतला. माझ्या मनात होतं, मावशी असती तर तिने असंच केलं असतं. आता कळतंय की लोका सांगे ब्रह्मज्ञान. माझ्या मेमोवर कोणी बोट ठेवलं नाही, असं किती थाटात लिहिलं होतंस. मार्गारेटबाईंचं बोट तर आजवर त्यावरच आहे.

मी रागावलेली नाही, म्हणजे थोडी आहे. नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण एस्थर माझ्यामुळे जातेय, आणि तुझ्यामुळे. हे मला झोंबतंय. तुला झोंबत नसेल तर तसं लिही.

संपदा


निर्मळ,
२४ नोव्हेंबर

चि. संपदा,

झोंबतंय. तू ज्या दिवशी लिहिलंस की ते वाक्य वापरलं, आणि जिजाने बाजारात एस्थरचं, म्हणजे मार्गारेटच्या मुलीचं, नाव घेतलं, त्या दिवसापासून घास गोड लागलेला नाही. शिडीवर चढले कारण खाली बसलं की विचार येतात.

ऐक. १९९४ चा नाताळ. मी तेव्हा असिस्टंट मेट्रन होते, मेट्रनच्या जागेसाठी माझं नाव गेलं होतं. मार्गारेटने गणपतीत एका पोरीची ड्युटी केली होती, त्या बदल्यात त्या पोरीने नाताळला यायचं होतं. ती पोर आलीच नाही. चाळीस पेशंट आणि एक नर्स. वरून विचारणा झाली. यादीत नाव मार्गारेटचं होतं, दुसऱ्या दिवशी मी तिला मेमो दिला. विचारलं काहीच नाही. तिनेही दुसरीचं नाव सांगितलं नाही, तशीच गेली.

तीन महिन्यांनी ती दुसरी पोर रडत माझ्याकडे आली आणि खरं काय ते बोलली. तेव्हा मी मेमो मागे घ्यायला हवा होता. पण माझ्या बढतीची ऑर्डर टाइप होत होती. चूक कबूल केली तर ती थांबली असती. मी त्या पोरीला म्हटलं, झालं ते झालं. आणि मेट्रन झाले. तुझ्या काकांनाही हे कधी सांगितलं नव्हतं.

काल रविवारी दुपारी मार्गारेटकडे गेले. आगाशीपासून चालत दहा मिनिटं. ही दहा मिनिटं चालायला मला इतकी वर्षं पुरली नव्हती. दार एस्थरने उघडलं. आत मायलेकी आपल्या बोलीत काही बोलल्या, मग मार्गारेट बाहेर आली आणि माझ्याशी जुन्या हॉस्पिटलच्या मराठीत बोलली. "या मेट्रन. बसा." नुसतं तेवढं. पाणीसुद्धा नाही.

मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "मेमोचा मला राग नव्हता. चुका होतात. पण खरं कळल्यावरही तुम्ही बाजारात माझ्या शेजारी उभ्या राहून वांगी निवडत होतात. एकदा नाही, दर आठवड्याला. त्याचा राग आहे." वांगी मी खरंच निवडत होते.

मग म्हणाली, "तोंडी नको. मेमो लेखी होता, मागेही लेखी घ्या." मी म्हटलं, अगं, मी रिटायर होऊन सोळा वर्षं झाली, मला अधिकार काय? ती म्हणाली, "द्यायला होता ना, मग घ्यायलाही आहे." एस्थरने वहीचा कागद आणि पेन आणलं. मार्गारेटने कपाटातून तो मेमो काढला आणि समोर ठेवला. माझं अक्षर किती टोकदार होतं गं तेव्हा.

मी लिहिलं, "स्टाफ नर्स मार्गारेट यांना दिलेला मेमो मागे घेण्यात येत आहे. चूक माझी होती." तिने चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं. "वर्तनाचं राहिलं." मग लिहिलं, "त्यांचे वर्तन सेवेच्या शिस्तीस शोभणारे होते, याची नोंद घ्यावी." सही केली. म्हणाली, "हुद्दा." मी 'निवृत्त' लिहायला लागले. तिने पेन धरलं. "निवृत्त नको. दिला तेव्हा नव्हतात."

तेव्हा मात्र मला रडू आलं. लिहायला लाज नाही. मार्गारेटने कागदाची घडी केली, मुलीला म्हणाली, चहा टाक. चहात साखर जरा जास्त होती, तरी मी कप रिकामा केला.

तुझं नाव मी काढलं नाही. एस्थरला थांब असंही म्हटलं नाही. तिला मागायचा हक्क तुझा आहे, माझा नाही. आणि तू माझी भाची आहेस हे तिला सांगून टाक, माझ्यासारखी बसू नकोस.

तुझी मावशी,
जयवंती


जूचंद्र,
२८ नोव्हेंबर

ती. मावशीस,
खूप खूप नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या दारात उभं राहायला काय वाटलं असेल, हे मला कळतंय. माझा राग संपला. तू माझी मावशी आहेस याचा मला आजही अभिमान आहे, फक्त आता तो नीट माहिती घेऊन आहे.

परवा सकाळी मी एस्थरला माझ्या केबिनमध्ये बोलावलं नाही, स्वतः प्रसूतिकक्षात गेले. म्हटलं, "सिस्टर, जयवंतीबाई माझी मावशी. ते वाक्य तिनेच मला दिलं होतं आणि मी विचार न करता उतरवलं." ती म्हणाली, "मॅडम, हरेशला सगळ्या हॉस्पिटलची पत्रं माहीत असतात. मला तुम्ही कधी सांगता ते बघायचं होतं."

मग मी तुझा प्रश्न विचारला, राहिलेल्या माणसाला विचारायचा तो. बावीस नाही, एकच. म्हटलं, "अकरा वर्षं तुम्ही इथे का राहिलात?" तिने हातमोजे काढून ठेवले. म्हणाली, "हे कोणी विचारलंच नव्हतं. उशीर का झाला ते विचारतात." मग हळूहळू सांगितलं, की इथे जन्मलेली पोरं तिला बाजारात भेटतात, शाळेच्या गणवेशात, आणि त्यांच्या आया त्यांना म्हणतात, या सिस्टरने तुला पहिल्यांदा उचललं. भाईंदरला तिला कोण ओळखणार.

मी म्हटलं, मग थांबा. मी तुमच्यासाठी थांबा म्हणतेय, माझ्या नोकरीसाठी नाही. नोकरीसाठीही म्हणतेय, खोटं कशाला बोलू. यादीत बदलाचा रकाना मी टाकून घेतलाय, डॉ. हर्षवर्धन आधी कुरकुरले, मग वही स्वतः चाळली आणि होकार दिला. नाताळला आठ ख्रिस्ती सिस्टरांपैकी एकीचीही ड्युटी नाही. रचना आणि बाकीच्यांनी आधीच आपापली नावं लिहिली आहेत.

एस्थर हसली. राजीनामा माझ्या हातातल्या फाइलमधून स्वतः काढून घेतला. म्हणाली, "आमच्या घरात मेमो मागे यायला एकतीस वर्षं लागली. तुमचा अकरा दिवसांत आला. म्हणजे सुधारणा आहे."

मला तिथेच रडू कोसळलं. एस्थरने माझा दंड धरून मला दाराबाहेर नेलं आणि म्हणाली, "मॅडम, रडा, पण इथे बाहेर. आत बाई कळा देतेय, तिला वाटेल काही वाईट झालं."

तुझी,
संपदा